विधीला बसून आलेल्या माणसाशी बोलताना : कोल्हापुरातल्या समुपदेशकांसाठी आणि फॅमिली डॉक्टरांसाठी

आयाहुआस्का (ॲमेझॉनच्या जंगलातला, भास घडवणारा काढा) किंवा भास घडवणाऱ्या मश्रूमच्या विधीला बसून आलेला माणूस समोर येतो, तेव्हा ‘काय दिसलं?’ असं विचारायचा मोह पहिल्यांदा होतो. तो आवरायचा. दिसलेल्या गोष्टी तो आपण न विचारताही सांगणार आहे, आणि त्यात तास कसा गेला ते दोघांनाही कळणार नाही. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या : आज हा माणूस सुरक्षित आहे का, तो गेला कशासाठी होता, आणि परतल्यावर काही आठवड्यांनी त्याच्याकडे त्यातलं काय उरतंय. तिन्हींत मधला प्रश्न सगळ्यात दुर्लक्षित, आणि पुढची मदत ठरते ती त्यावरच.

ही माहिती समुपदेशक, मानसशास्त्राचे एम.ए.चे विद्यार्थी आणि फॅमिली डॉक्टर यांच्यासाठी आहे. हे पदार्थ कसे घ्यावेत हे इथे मिळणार नाही. भारतात डीएमटी (आयाहुआस्कातलं द्रव्य), सायलोसायबिन (मश्रूममधलं), मेस्कलिन आणि एलएसडी १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली येतात. जवळ बाळगणं, आणणं, देणं, घेणं, सगळा गुन्हाच आहे. ‘धार्मिक विधी होता’ म्हणून सुटका होत नाही.

पहिली पंधरा मिनिटं

शेवटचा विधी कधी झाला आणि एकूण किती वेळा बसला, इथून सुरुवात करा. परदेशातल्या शिबिरांत एका आठवड्यात तीन-चार रात्री बसवतात. तीन रात्री जागून, उलट्या करून, अर्धपोटी राहून दीड-दोन दिवसांचा विमानप्रवास करून आलेला माणूस आणि महिन्यापूर्वी एकदाच बसलेला माणूस यांची तक्रार शब्दशः सारखी असली, तरी प्रश्न वेगळे असतात. ॲमेझॉनच्या जंगलातून आलेल्याला ताप असेल, तर मनाचं नंतर बघा. आधी मलेरिया-डेंग्यूची तपासणी करा. मलेरिया टाळायला मेफ्लोक्विन घेतलं होतं का, हेही विचारा. त्या गोळीने भयानक स्वप्नं, घबराट आणि संशय हे सगळं होऊ शकतं, आणि दोष मात्र विधीवर जातो.

मग गोळ्या. कोणत्या चालू होत्या, कधी थांबवल्या, कोणाच्या सांगण्यावरून थांबवल्या? इथे घाई करू नका, कारण सगळ्यात मोठी फसगत इथेच होते. आयाहुआस्कात एमएओ या, सेरोटोनिनसारखी द्रव्यं मोडणाऱ्या, एन्झाइमला अडवणारी द्रव्यं असतात. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन अशी नैराश्याची औषधं, दुखण्यावरचं ट्रामाडॉल, खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन, यांच्या जोडीला ती आली तर सेरोटोनिन सिंड्रोम, म्हणजे सेरोटोनिनच्या अतिरेकाने जिवावर बेतू शकणारी अवस्था, होऊ शकतो. म्हणून बरीच शिबिरं आधी गोळ्या बंद करायला सांगतात, आणि माणसं डॉक्टरांना न विचारता त्या एका दिवसात बंद करतात. त्यानंतरच्या दिवसांत चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं सुरू होतं. ही गोळी तोडल्याची लक्षणं आहेत. आणि तीन ते सहा आठवड्यांनी मूळचं नैराश्य परत आलं, की तो सांगतो, ‘मेडिसिननं आतल्या जखमा उघडल्या.’ (विधीतल्या पदार्थाला तो ‘मेडिसिन’ म्हणतो.) उघडल्याही असतील. पण तारखा कागदावर मांडून बघा : गोळी कधी बंद झाली, विधी कधी झाला, रडू कधीपासून येतंय. गोळी बंद होऊन महिना झाला असेल, तर आधी तिचा विचार करायचा. आणि गोळी पुन्हा सुरू करणं हे मनोविकारतज्ज्ञांचं काम आहे, समुपदेशकाचं नाही.

लिथियमबद्दल वेगळं, थेट विचारा. सायलोसायबिन किंवा एलएसडीच्या जोडीला लिथियम असताना फिट आल्याच्या नोंदी आहेत. आणि लिथियम चालू आहे म्हणजे बहुधा बायपोलरचं (उन्माद आणि नैराश्य आलटून-पालटून येणाऱ्या आजाराचं) निदान आहे, म्हणजे धोका दुहेरी.

घराण्यातला आजार विचारताना ‘कुणाला स्किझोफ्रेनिया होता का?’ असं विचारलं, तर बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर येतं. असं विचारा : ‘घरात कोणी एकटंच बोलायचं का? काका, मामा, आजोबा, कोणी न सांगता घर सोडून जायचं का? कुणाला बाहेरचं झालंय म्हणून इकडं-तिकडं फिरवलं होतं का? कोणी वर्षानुवर्षं डोक्याच्या गोळ्या खातं का?’ शेवटच्या दोन प्रश्नांना मान हललेली दिसते. आई किंवा थोरली वहिनी सोबत आली असेल तर त्यांना वेगळं बसवून विचारा. मुलापासून लपवलेली गोष्ट त्या तुम्हाला सांगतात.

झोप हे सगळ्यात विश्वासू माप आहे. किती तास झोपलात आणि उठल्यावर कसं वाटलं, दोन्ही विचारा. तीन तास झोपून थकलेला माणूस काळजीत असतो. तीन तास झोपून ताजातवाना असलेला, भरभर बोलणारा, एका विषयावरून दुसऱ्यावर उड्या मारणारा, नोकरी सोडून जगाला बरं करायला निघालेला माणूस उन्मादाकडे चाललेला असू शकतो. घरचे म्हणतात, ‘रातभर जागाच असतोय, आनी कवा न्हाई एवढं ग्वाड बोलतोय.’ हे ऐकलं की त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवा. पुढच्या मंगळवारची अपॉइंटमेंट देऊ नका.

जीव देण्याबद्दल सरळ विचारायचं. विचारल्याने कल्पना डोक्यात येते, हा गैरसमज आहे. ‘मेलेलं बरं असं वाटतं का? कसं करायचं याचा विचार झालाय का? आज, या आठवड्यात?’ शेतीच्या घरातला माणूस असेल तर फवारणीचं औषध कुठे ठेवलंय ते विचारा, आणि ते आजच शेजारी किंवा चुलत्यांच्या घरी हलवायला सांगा.

ताबडतोब रुग्णालयात न्यायची लक्षणं ही : काही तासांपूर्वीच काहीतरी घेतलंय आणि ताप, घाम, थरथर, पायाचे स्नायू आपोआप उडणं, जुलाब, छातीत धडधड; किंवा काही घेतलेलं असो-नसो, फिट, बेशुद्धी, आवाज ऐकू येऊन ते सांगतील तसं वागणं, जीव द्यायचा ठरलेला बेत. कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयाच्या अपघात विभागात न्या, रुग्णवाहिकेला १०८. रात्री बोलायला कोणी नसेल तर टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मराठीतही.

नेमकं घेतलं काय

‘मेडिसिन’ म्हणजे नेमकं काय, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. एकाच शिबिरात चार वेगळे पदार्थ देतात आणि माणूस सगळ्यांना एकच शब्द वापरतो.

आयाहुआस्का हा काढा आहे : बॅनिस्टेरिओप्सिस कापी ही वेल आणि बहुतेक वेळा चाक्रुना या झुडपाची पानं. पानांतलं डीएमटी तोंडाने घेतलं तर शरीर ते लगेच मोडून टाकतं. वेलीतली हार्मिन वगैरे द्रव्यं ते मोडणं थांबवतात, म्हणून काढा काम करतो. परिणाम साधारण अर्ध्या ते एक तासात सुरू होतो आणि चार-सहा तास राहतो. उलटी, जुलाब हे त्या विधीत शुद्धीकरणच मानलं जातं. गायक-वैद्य रात्रभर ‘इकारो’ गातात. पेरूने २००८ साली या पारंपरिक वापराला राष्ट्रीय सांस्कृतिक वारसा जाहीर केलं.

मश्रूमचा विधी मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या माझाटेक लोकांचा. मारिया साबिना या वैद्यबाईंच्या ‘वेलादा’ला, म्हणजे रात्रभराच्या विधीला, १९५५ साली गॉर्डन वॉसन हा अमेरिकी बँकर बसला, १९५७ साली त्याने ‘लाइफ’ मासिकात लिहिलं, आणि मग त्या गावात बाहेरच्यांची रीघ लागली. बाईंना त्याचा त्रास सोसावा लागला. ‘प्राचीन परंपरा’ म्हणून जे विकलं जातं त्याची किंमत कोण मोजतं, हे या एका उदाहरणावरून कळतं. पेयोटे हा मेस्कलिन असलेला निवडुंग. त्याचा परिणाम दहा-बारा तास चालतो. गॅबनमधल्या ब्विती विधीतला इबोगा सगळ्यात धोक्याचा, कारण त्यातलं इबोगेन हृदयाची लय बिघडवतं आणि त्याने मृत्यू झाले आहेत. इबोगा घेऊन आलेल्याला चक्कर येत असेल तर आधी ईसीजी काढा.

कांबो हे बेडकाच्या त्वचेचं विष, त्वचेवर भाजून केलेल्या ठिपक्यांवर लावतात. ते सायकेडेलिक, म्हणजे भास घडवणारं, नाही. त्याबरोबर लिटरच्या लिटर पाणी पाजतात, आणि त्यातून रक्तातलं सोडियम घसरून गोंधळलेपण आणि फिट येऊ शकते.

आपल्याकडच्या धोतऱ्याबद्दल दोन शब्द. महादेवाला वाहतात म्हणून तो ‘आपला देशी सायकेडेलिक’ असं समजणारे आहेत. धोतऱ्याने होतो तो विषबाधेतला वातभ्रम : तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, लघवी अडलेली, अंग तापलेलं, नसलेल्या माणसांशी गप्पा, आणि नंतर काही आठवत नाही. अशाला समुपदेशन नको, रुग्णालय हवं.

गेला कशासाठी

आयाहुआस्का घेणाऱ्यांच्या सर्वेक्षणांत आत्मशोध, जुन्या मानसिक त्रासातून सुटका, अध्यात्म आणि कुतूहल ही कारणं वारंवार येतात. पण समोरचा माणूस पहिल्यांदा जे कारण सांगतो ते बहुतेक वेळा शिबिराच्या जाहिरातीतलं असतं : ‘स्वतःला शोधायला’, ‘ट्रॉमा हील करायला’. खोटं नसतं ते, पण उसनं असतं. त्याच्या खालचं कारण हवं असेल तर ‘का’ विचारू नका. ‘का’ विचारलं की माणूस बाजू मांडायला लागतो. तारीख विचारा : ‘पैसे भरले ते कोणत्या दिवशी? त्या आठवड्यात घरी काय चाललं होतं?’

समजा पस्तिशीचा, पुण्यात नोकरी करणारा, कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या घरातला मुलगा म्हणाला, ‘आयुष्याचा अर्थ शोधायला गेलो होतो.’ पैसे कधी भरले विचारल्यावर तो सांगतो, गणपतीत घरी आलो होतो तेव्हा. त्या गणपतीत काय झालं? बाबांनी धाकट्याच्या नावावर दुकान केलं. आता तुमच्यापुढचा विषय आयुष्याचा अर्थ नाही. दुकान आहे, बाप आहे, धाकटा भाऊ आहे. विधीत त्याला जे काही सर्प-जग्वार दिसले असतील, त्यांच्यापेक्षा ही गोष्ट कामाची.

कारण कळलं की त्यावरून पुढचं ठरतं.

जो आजारातून सुटायला गेला, म्हणजे नैराश्य, दारू, जुनी भीती, त्याला आजाराचाच उपचार हवा आहे. विधीने फरक पडला असेल तर चांगलंच. २०१९ साली ब्राझीलमध्ये औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या २९ रुग्णांवर आयाहुआस्काची नियंत्रित चाचणी झाली, आणि आठवड्याने प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ काढ्यापेक्षा) स्पष्ट फरक दिसला. पण ती रुग्णालयातली, निवडलेल्या रुग्णांवरची, एका आठवड्यापुरती गोष्ट. त्या बळावर चालू उपचार सोडायचे नाहीत, हे त्याला न दुखावता पण ठाम सांगावं लागतं.

जो जवळचं माणूस गमावल्यावर, मृत्यूनंतर किंवा घटस्फोटानंतर, विधीला गेला त्याला बहुधा शोक करायला जागा मिळालेली नसते. बारावं-तेरावं उरकलं, पाहुणे गेले, आणि ‘आता सावर स्वतःला’ असं सगळे म्हणाले. त्याला विधीत आई दिसली असेल. ती खरी होती की नाही, या वादात पडू नका. ‘आईला काय सांगायचं राहिलं होतं?’ हा प्रश्न पुरतो. अशा माणसासोबत काम हळू चालतं, आणि फार चांगलं होतं.

जो अध्यात्माच्या ओढीने गेला त्याला रोगी समजू नका. अंबाबाईच्या दारात वाढलेल्या माणसाला देवी दिसली म्हणजे वेड लागलं असं नाही. त्याच्या अनुभवाला घरच्या चौकटीत जागा आहे का, वारीला जाणारे आजोबा किंवा पोथी वाचणारी आत्या याच्याशी बोलू शकतील का, हे बघा. सोबत हेही तपासा : तो देवीबद्दल बोलतोय, की ‘मीच देवी’ म्हणतोय.

काही जण मित्र गेले म्हणून गेलेले असतात. त्यांच्याशी थोडक्यात बोललं तरी पुरतं, फक्त भीती बसली असेल तर ती गांभीर्याने घ्या. आणि काही जण कशापासून तरी पळायला जातात. ते वर्षातून तीन-चार वेळा जातात, प्रत्येक वेळी ‘या खेपेला सुटेन’ म्हणतात. शिबिर बदलतं, घरातला प्रश्न जिथल्या तिथे. यांच्याबाबतीत आमचं मत स्पष्ट आहे : पुढचा विधी लांबवणं हीच पहिली मदत.

बरं वाटतंय हे मोजायचं कसं

विधीनंतरचे काही दिवस, कधी काही आठवडे, मन हलकं, प्रेमळ, मोकळं असतं. याला ‘आफ्टरग्लो’ म्हणतात. तो खरा असतो, पण टिकेलच असं नाही. काहिलीत रस उकळत असताना गूळ कसा पडेल हे गुऱ्हाळवाला सांगत नाही. तुम्हीही पहिल्या आठवड्यात निकाल सांगू नका.

दोन प्रश्नावल्या पुरेशा आहेत. डब्ल्यूएचओ-५ या, जागतिक आरोग्य संघटनेच्या, मनाच्या स्वास्थ्याच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल पाच विधानं असतात, प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज करून ४ ने गुणा, म्हणजे ० ते १०० मध्ये आकडा येतो. ५० किंवा कमी आला तर अधिक चौकशी करा. २८ किंवा त्याखाली आला तर नैराश्याची शक्यता धरून चला. दोन वेळांमध्ये १० गुणांचा फरक पडला तर तो दखल घेण्याजोगा. दुसरी पीएचक्यू-९, नैराश्य मोजणारी : नऊ प्रश्न, ० ते २७, १० आणि वर म्हणजे तपासणी हवी. तिचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. त्याला ० सोडून काहीही उत्तर असेल, तर एकूण बेरीज कितीही कमी येवो, तिथेच थांबून बोलायचं.

वेळा ठरवून घ्या : पहिली भेट, दोन आठवडे, सहा आठवडे, तीन महिने. त्याच वेळी झोपेचे तास, दारू-तंबाखू आणि कामाला गेलेले दिवस टिपा. सहा आठवड्यांची भेट सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त चुकवली जाणारी, कारण तोवर माणसाला एक तर बरं वाटत असतं, किंवा बरं वाटत नाही हे सांगायची लाज वाटत असते. एवढे पैसे खर्चून, घरी भांडून गेलेला असतो तो. म्हणून पहिल्याच दिवशी तारीख देऊन ठेवा आणि आदल्या दिवशी फोन करा.

प्रश्नावली कुठे फसते तेही बघा. बायको शेजारी बसलेली असताना भरली तर गुण वाढतात. समुपदेशकाने मोठ्याने वाचून ‘म्हणजे बरंय ना?’ असं जोडलं तरी वाढतात. कागद द्या, पेन द्या, खोलीबाहेर जा.

अभ्यास काय सांगतात, आणि ते इथे किती लागू

शिबिरवाले अभ्यासांचे दाखले देतात, तेव्हा ते कुणावर झाले हे माहीत असलेलं बरं. ब्राझीलमधल्या उनियाओ दो वेजेताल या पंथाच्या, वर्षानुवर्षं काढा पिणाऱ्या १५ सभासदांची तुलना न पिणाऱ्या १५ जणांशी केली गेली. १९९६ साली ते निष्कर्ष आले. सभासदांची मानसिक स्थिती चांगली दिसली, बऱ्याच जणांची आधीची दारू सुटलेली होती. अमेरिकेतल्या नवाहो लोकांमध्ये नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या पेयोटे घेणाऱ्या सभासदांवर २००५ साली अभ्यास आला. त्यांच्या बुद्धीत किंवा मनःस्थितीत कमतरता सापडली नाही.

दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे. ही माणसं एकटी नव्हती. १९६१ साली स्थापन झालेल्या त्या ब्राझिली पंथात महिन्यातून दोनदा ठरलेल्या शनिवारी सगळे जमतात, दारूला मनाई असते, एकमेकांची लग्नकार्यं आणि अडीनडी त्याच मंडळींत निभावतात. बरं वाटण्यातला काढ्याचा वाटा किती आणि मंडळींचा किती, हे त्या अभ्यासांतून वेगळं काढता येत नाही. आणि ज्यांना त्रास झाला ते पंथ सोडून गेले असतील, तर मोजणीत आलेच नाहीत. परदेशातून कोल्हापूरला परतलेल्या माणसाकडे काढ्याची आठवण असते, मंडळी नसतात. त्याच्या खचण्याचं मोठं कारण आम्हाला इथे दिसतं. म्हणून पुढच्या आठवड्यांचं काम म्हणजे त्याच्याभोवती इथली माणसं उभी करणं.

२०२२ साली प्रसिद्ध झालेलं आयाहुआस्काचं जागतिक सर्वेक्षण १०,८३६ जणांचं होतं. विधीनंतरच्या आठवड्या-महिन्यांत मानसिक त्रास झाल्याचं ५५.९ टक्क्यांनी सांगितलं. त्यातल्या बहुतेकांनी तो वाढीचा भाग मानला, पण सुमारे १२ टक्क्यांना व्यावसायिक मदत घ्यावी लागली. घाबरलेल्या माणसाला हे आकडे सांगा. आपल्या एकट्यालाच असं झालंय, ही भावना त्याने कमी होते.

पहिले सहा आठवडे

मोठे निर्णय नाहीत. राजीनामा, घटस्फोटाची नोटीस, जमिनीची विक्री, बँकेतली ठेव मोडून शिबिराला देणगी, सगळं सहा आठवडे थांबवायचं. ‘निर्णय चुकीचा आहे’ असं म्हणू नका, तो त्याला चिकटून बसेल. ‘निर्णय बरोबर असेल तर सहा आठवड्यांनीही बरोबरच राहील’ असं म्हणा.

झोपेची वेळ ठरवा. गांजा, दारू बंद. मन हलत असताना गांजा विशेष वाईट. जेवण घरचं आणि वेळेवर. रोज शरीर दमलं पाहिजे : पहाटे रंकाळ्याला फेरी, तालमीत जोर-बैठका, शेतातलं काम, काहीही. नजरेसमोर रेषा, ठिणग्या, हलणाऱ्या वस्तूंच्या मागे शेपट्या दिसत राहिल्या तर काळजी बहुधा नको, पण काही आठवडे टिकल्या तर डोळ्यांचे डॉक्टर आणि मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही दाखवा. गांजा तिथेही आडवा येतो.

अनुभव लिहून काढायला सांगा, एकदाच, दोन-तीन पानं. रोज उगाळायला लावू नका. मग त्यातून एकच गोष्ट निवडायला लावा, आठवड्यात करता येईल अशी आणि दुसऱ्या माणसाला दिसेल अशी. ‘सगळ्यांवर प्रेम करणार’ हे नाही चालणार. ‘रविवारी दादाला फोन करणार’ हे चालेल.

आळत्याजवळच्या विपश्यना केंद्रात दहा दिवस जायची इच्छा अशा वेळी बऱ्याच जणांना होते. साधना चांगली आहे, पण झोप उडालेली, मन थाऱ्यावर नसलेलं असताना दहा दिवसांचं मौन पेलत नाही. मन स्थिर झाल्यावर, आणि अर्जात विधीची माहिती खरी भरून, मग जावं.

दोन नाजूक गोष्टी. विधीत लहानपणीच्या अत्याचाराची ‘आठवण’ आली असं कोणी सांगितलं, तर तिला दुजोरा देऊ नका आणि झिडकारूही नका. या पदार्थांच्या अमलाखाली माणूस सूचनेला फार लवकर वश होतो. खरी आठवण आणि उभी राहिलेली प्रतिमा यातला फरक तुम्हाला खोलीत बसून कळणार नाही. त्याच्या आजच्या वेदनेवर काम करा, आणि आरोप घेऊन घरी जायची घाई थांबवा. दुसरी : विधी चालवणाऱ्याने अंगाला हात लावला का, एकट्याला किंवा एकटीला बोलावलं का, पैसे-दागिने मागितले का, हे प्रत्येकाला विचारा, स्त्रियांना तर नक्कीच, आणि त्यांच्यासोबत आलेल्यांना बाहेर बसवून. ‘तो उपचाराचाच भाग होता’ असं तिला सांगितलेलं असतं. अमलाखाली असलेली व्यक्ती संमती देऊ शकत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगा.

घरच्यांना काय सांगायचं

घरचे दोन टोकांना असतात : एक तर ‘पोरगं ड्रग्जला लागलं’, नाहीतर ‘बाहेरचं झालंय’. दोन्हींत पोराचं ऐकून घेणं राहतं. आईवडिलांना सांगा : प्रश्न कमी विचारा, जेवायला सोबत बसवा, रात्री घर शांत ठेवा, आणि झोप किती होते तेवढं वहीत लिहा. देवऋषी नको. या अवस्थेतल्या माणसाला ‘कुणीतरी केलंय’ असं सांगितलं तर संशयाला नाव आणि चेहरा मिळतो, बहुधा शेजारणीचा किंवा भावजयीचा, आणि मग घर फुटतं. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही टाकू नका.

नोंदी ठेवताना पदार्थ, तारीख, औषधं एवढं लिहा. कुणी पुरवलं, कुणासोबत घेतलं ही नावं उपचाराला लागत नाहीत. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका, दुसऱ्याला इजा, न्यायालयाचा आदेश असे अपवाद आहेत. ते पहिल्या भेटीतच सांगा, म्हणजे नंतर विश्वासघात वाटत नाही.

‘पुन्हा जाऊ का?’

हा प्रश्न येणारच, बहुधा आफ्टरग्लो ओसरल्यावर. जा किंवा नको जाऊ हे सांगायच्या आधी मागच्या खेपेची वही काढा. पहिल्या वेळी जे कारण होतं ते आज कुठवर आलंय? ठरवलेली एक गोष्ट झाली का? दादाला फोन केला का? तीन महिन्यांचा डब्ल्यूएचओ-५ पहिल्यापेक्षा वर आहे की खाली?

स्वतःला किंवा आईवडील-भावंडांत कुणाला बायपोलर किंवा सायकोसिस (वास्तवाचं भान सुटण्याचा आजार), हृदयाचा आजार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, गरोदरपण, लिथियम किंवा नैराश्याच्या गोळ्या, मागच्या वेळी टिकलेला संशय किंवा उडालेली झोप, यातलं काहीही असेल तर ‘नको’ हेच उत्तर, कारण समजावून. बाकीच्यांनाही कायदा पुन्हा सांगा : इथल्या एखाद्या फार्महाऊसवरची ‘सेरेमनी’ हा गुन्हा आहे, आणि तिथे बाटलीत काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. जायचं म्हणून कोणी गोळ्या सोडणार असेल, तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी आधी बोलणं करून द्या. फ्लुओक्सेटिनसारखी गोळी शरीरातून पूर्ण जायला पाच आठवडे लागतात, आणि ते पाच आठवडे आजाराला मोकळं रान असतं. हे सगळं ऐकूनही तो जाणार असेल तर चिडू नका. परतल्यावर तिसऱ्या आणि चौदाव्या दिवसाची भेट आत्ताच वहीत लिहून ठेवा, आणि घरातल्या एका माणसाचा नंबर त्याच्या संमतीने घ्या.